बाभळीचा काटा, वालट्यूब आणि होशंगाबाद

मुंबई-पुण्याहून दिल्लीकडे रेल्वेने गेलेल्या प्रत्येकाला इटारसी जंक्शन माहीत असतं. गाडी तिथे बऱ्यापैकी थांबते, खिडकीशी चहावाले येतात, पाण्याच्या बाटल्या भरून होतात. इटारसी सुटलं की थोड्याच वेळात होशंगाबाद येतं आणि लगेच नर्मदेचा पूल. पूल आला की डब्यातल्या आजीबाई हात जोडतात, कुणी खिडकीतून नाणं टाकतं. या गडबडीत होशंगाबाद स्टेशनाकडे कुणाचं लक्षच जात नाही. फार तर एखादा माहितगार सांगतो, की नोटांचा कागद करणारी सरकारी गिरणी इथे आहे. २०२२ साली या गावाचं नाव नर्मदापुरम झालं. मी मात्र आज जुनंच नाव वापरणार आहे, कारण मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती त्याच नावाने ओळखली जाते.

ही गोष्ट आहे शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगांची. आता तुम्ही म्हणाल, "बाई, तुम्ही इतिहास आणि मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, तेही मराठी माध्यमातून. तुम्ही लंबक आणि विजेच्या मंडलाबद्दल काय लिहिणार?" बरोबर आहे. पण आमच्या काळात छोट्या गावच्या शाळेत शिक्षक कमी आणि तास जास्त असत. जो मोकळा असेल त्याच्या गळ्यात जो विषय उरला असेल तो पडे. मी नोकरीला लागले १९७३ साली. दुसऱ्याच वर्षी पाचवी ते सातवीचं सामान्य विज्ञान माझ्याकडे आलं आणि पुढची बरीच वर्षं राहिलं. तेव्हा हा लेख विज्ञानाचा नाही, इतिहासाचाच आहे, असं समजा. साधे प्रयोग शाळेत कसे आले, कुठे रुजले, आणि त्यातलं काय टिकलं नि काय गेलं, एवढंच सांगायचं आहे.

साध्या वस्तूंतून विज्ञान दाखवायची कल्पना तशी जुनी आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकलेला. त्याने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एक मेणबत्ती ठेवली आणि तिच्यावर सहा व्याख्यानं दिली. मेण वितळतं कसं, ज्योतीच्या आत काय असतं, धूर पेटतो का, पाणी कुठून येतं, हे सगळं एका मेणबत्तीतून. पण तिथे करून दाखवणारा फॅरडे होता आणि मुलं बघत होती.

मुलांनी स्वतः करायचं, आणि तेही प्रयोगशाळा नसताना, हा विचार जोरात पुढे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युरोपातल्या कितीतरी शाळा बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाल्या होत्या. उपकरणं गेली, कपाटं गेली, मुलं मात्र होती. जे. पी. स्टीफन्सन नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने अशा देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी सूचनांचं एक पुस्तक केलं आणि युनेस्कोने ते १९४८ साली काढलं. रिकामे डबे, बाटल्या, तारा, दोरे यांतून उपकरणं कशी करायची ते त्यात होतं. मग गंमत अशी झाली, की ज्या देशांत शाळा पाडायला बॉम्ब पडलेच नव्हते, पण मुळात प्रयोगशाळाच नव्हत्या, त्या देशांनाही हे पुस्तक हवंसं वाटलं. त्यातूनच १९५६ साली युनेस्कोचं विज्ञान शिक्षकांसाठीचं मोठं पुस्तक निघालं. पुढे त्याची भाषांतरं अनेक भाषांत झाली.

आपल्याकडे १९६६ साली कोठारी आयोगाचा अहवाल आला. पहिली दहा वर्षं प्रत्येक मुलाने विज्ञान आणि गणित शिकलंच पाहिजे, असं त्यात सांगितलं होतं. विचार उत्तम. पण प्रत्येक मूल म्हणजे कोट्यवधी मुलं, आणि त्यांना शिकवणारे आमच्यासारखे. आमच्या शाळेत काचेचं एक कपाट होतं. त्यात परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, नालाकृती चुंबक, तराजू असं सामान मांडलेलं. कपाटाला कुलूप, आणि यादी चिकटवलेली. तपासणीला साहेब आले की यादीप्रमाणे वस्तू मोजायच्या, पुन्हा कुलूप. एखादी नळी फुटली तर पैसे पगारातून कापतील ही धास्ती. त्यामुळे फुटू नये म्हणून कुणी काढायचंच नाही. मुलांना चुंबक काचेतून दिसायचा. "चुंबक लोखंडाला आकर्षित करतो" हे वाक्य मात्र सगळ्यांचं तोंडपाठ. महाराष्ट्रातच नव्हे, देशातल्या बहुतेक शाळांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असणार.

या पार्श्वभूमीवर १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी एक प्रयोग सुरू झाला. नाव होतं 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम'. तो सुरू करणाऱ्या संस्था दोन. एक रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर. हे क्वेकर पंथाच्या लोकांचं ग्रामीण केंद्र. आपल्या सेवाग्रामला नयी तालीमचं काम केलेल्या मार्जोरी साइक्स यांचंही इथे वास्तव्य होतं. म्हणजे हाताने काम करता करता शिकावं हा गांधीजींचा १९३७ सालचा वर्ध्याचा विचार या अंगणाला परका नव्हता. दुसरी संस्था किशोर भारती. ती काढली डॉ. अनिल सदगोपाल यांनी. अमेरिकेतल्या कॅलटेकमधून डॉक्टरेट घेऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारा हा माणूस ती नोकरी सोडून मध्य प्रदेशातल्या खेड्यात येऊन राहिला.

टाटा संस्थेतले त्यांचे सहकारी वैज्ञानिक मदतीला आले. पुढे दूरदर्शनमुळे घराघरात पोचलेले प्रा. यशपाल त्यांत होते. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकशास्त्र गटातले शिक्षक आले, मग दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक. मध्य प्रदेश सरकारने एक फार मोठी गोष्ट केली. आपल्याच शाळांत, आपल्याच शिक्षकांकडून, पण वेगळं पुस्तक आणि वेगळी परीक्षा वापरायची मोकळीक दिली. खाजगी शाळेत नवे प्रयोग करणारे बरेच असतात. सरकारी शाळेत, जिथे छप्पर गळतं आणि एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, तिथे हे करायचं ठरवलं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आता वर्गात काय होई ते सांगते. मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून बसायचं. प्रत्येक टोळीला सामान. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. या पुस्तकाची गंमत म्हणजे त्यात उत्तरं नव्हती. "हे करा, मग काय दिसलं ते लिहा, असं का झालं असेल ते आपसात बोला," अशा प्रकारची रचना. उत्तर मुलाच्या स्वतःच्या वहीत तयार व्हायचं. म्हणजे निम्मं पुस्तक छापलेलं आणि निम्मं मुलाने लिहिलेलं.

सामान साधं ठेवायचं हे सुरुवातीपासून ठरलेलं. फुलाचे भाग वेगळे करायला शहरातल्या कॉलेजात सुया लागतात. खेड्यात बाभळीचा काटा त्याहून सरस, आणि तो मोडला तर बांधावर हजार आहेत. पगारातून कापायची भीती नाही! आमच्या त्या कुलूपबंद कपाटाच्या शेजारी हा बाभळीचा काटा ठेवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. स्वस्त वस्तूचा खरा फायदा पैशाचा नसतोच. ती मोडली तरी चालते, म्हणून ती मुलाच्या हातात देता येते.

मोजमापाचा धडा तर मला इतका आवडला, की त्याबद्दल वाचल्यावर मी तो आमच्या सातवीत करून पाहिला. एकच लांबी वेगवेगळ्या टोळ्यांनी मोजायची आणि सगळ्यांची उत्तरं फळ्यावर लिहायची. मी शाळेचा व्हरांडा मोजायला सांगितला. आठ टोळ्या, आठ उत्तरं! एरवी आपण विचारतो, "बरोबर कुणाचं?" इथे प्रश्न असा, की "वेगवेगळं का आलं?" मुलं भांडली, पुन्हा मोजायला गेली. कुणी पट्टी तिरकी धरली होती, कुणी पट्टी उचलून ठेवताना बोटभर जागा सोडली होती. एक मुलगी मात्र पट्टी घेऊन माझ्याकडे आली. "बाई, हे टोक झिजलंय बघा. शून्य गेलाय. एकपासून मोजायला हवं." ती लाकडी पट्टी मी कैक वर्षं वापरत होते. कुठलंही माप शंभर टक्के नेमकं नसतं, थोडी घट-वाढ राहतेच, आणि ती का राहते हे शोधता येतं, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या अगदी मुळाशी आहे, असं आमचे विज्ञानाचे सर सांगत. सातवीच्या मुलांना ती तासाभरात कळली.

असेच इतर प्रयोग. टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि तारेचे तुकडे घ्यायचे. मधे एक फट ठेवायची आणि त्या फटीत घरातल्या वस्तू धरून बघायच्या. किल्ली, नाणं, खोडरबर, काडी, बांगडीचा तुकडा. आधी अंदाज लिहायचा, मग तपासायचं. धातू चालतात, लाकूड-काच-प्लॅस्टिक चालत नाही, असा नियम मुलं पाच मिनिटांत करतात. मग पेन्सिलीचं शिसं ठेवायचं. लहानसा तुकडा असेल तर बल्ब मिणमिणतो. आता हे शिसं म्हणजे धातू का? नाही, नावच नुसतं शिसं, आत असतं ग्राफाइट, कोळशाच्या जातीचं. केलेला नियम मोडला, की मुलांचे डोळे कसे होतात ते बघण्यासारखं असतं. किंवा खोक्याला एका बाजूने टाचणीने भोक पाडायचं, समोरच्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद चिकटवायचा, आणि अंधाऱ्या खोलीत भोकासमोर मेणबत्ती धरायची. कागदावर ज्योत उलटी! प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य पाठ करून उलटी ज्योत कधीच डोळ्यांपुढे येत नाही. उलटी ज्योत पाहिली, की ते वाक्य मुलं आपणहून शोधतात.

पण मंडळी, साधं सामान म्हणजे होशंगाबाद नव्हे. मला खरं कौतुक वाटतं ते शिक्षकांसाठी जे केलं त्याचं. तिथल्या शिक्षकांतही अनेकजण स्वतः विज्ञान फारसं न शिकलेले होते, म्हणजे माझ्याच जातकुळीतले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवड्यांची शिबिरं व्हायची. त्यात शिक्षकांनी विद्यार्थ्यांसारखे टोळ्या करून प्रयोग करायचे, आणि त्यांच्याबरोबर विद्यापीठातले प्राध्यापक बसायचे. शिक्षक म्हणाले की हा प्रयोग वर्गात जमत नाही, तर पुस्तक बदललं जायचं. आमच्या वेळच्या प्रशिक्षणात आम्ही सतरंजीवर आणि तज्ज्ञ मंचावर. हजेरीवर सही, भत्त्याच्या कागदावर सही, आणि मधे भाषण. प्राध्यापकाने शिक्षकाला "तुमच्या वर्गात काय झालं?" असं विचारलं, आणि उत्तर लिहून घेतलं, तर त्या शिक्षकाची मान किती ताठ होते हे ज्याने आयुष्यभर परिपत्रकं झेलली आहेत त्यालाच कळेल.

शिबिर संपलं की वाऱ्यावर सोडलं असंही नाही. दर महिन्याला जवळपासच्या शाळांचे शिक्षक एका ठरलेल्या शाळेत जमायचे. त्या शाळेला 'संगम केंद्र' म्हणत. कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, याची चर्चा. मुलांसाठी 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मनात आलेला कुठलाही प्रश्न मुलांनी पत्रात लिहून सवालीरामला पाठवायचा आणि तिकडून उत्तर यायचं.

आणि परीक्षा! आठवीच्या सार्वजनिक परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसायची परवानगी. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी. ज्याची वही स्वतः लिहिलेली, त्याला तिचा उपयोग. ज्याने नुसती उतरवली, त्याला उघडी वहीसुद्धा फारशी कामाची नाही. मी पस्तीस वर्षं पेपर काढले आणि तपासले. माझ्या अनुभवाने सांगते, वर्गात काय शिकवलं जाणार हे पुस्तक ठरवत नाही, परीक्षा ठरवते. होशंगाबादच्या लोकांनी हे ओळखलं होतं.

१९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलमध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक शाळांत गेला. १९८२ साली तो सांभाळण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था निघाली.

त्याच १९७८ सालात आपल्या पुण्याचा धागा जुळतो. अरविंद गुप्ता मूळचे बरेलीचे, आयआयटी कानपूरचे इंजिनियर. तिथे शिकत असतानाच त्यांनी सदगोपालांचं व्याख्यान ऐकलेलं होतं. पुढे ते पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले. तिथून वर्षभराची रजा काढून ते होशंगाबादला गेले. तिथल्या बाजारात हिंडताना त्यांच्या नजरेला पडली सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, आपण जिला वालट्यूब म्हणतो ती काळी बारीक रबरी नळी. तिचा छोटा तुकडा कापला आणि दोन्ही बाजूंनी आगकाड्या खोचल्या, की झाला सांधा. तुकड्याला काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली, की तिहेरी सांधा. यातून त्रिकोण, चौकोन, घर, काय वाटेल ते.

आता यात भौतिकशास्त्र कुठे आलं? तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि बोटाने दाबा. हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करून दाबा. लगेच कलतो. त्यात एक आडवी-तिरपी काडी बसवली, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण केले, की पुन्हा ताठ. हे झाल्यावर मुलांना वर बघायला सांगावं. कौलारू छपराची कैची त्रिकोणी का असते? रेल्वेच्या लोखंडी पुलाला तिरपे खांब का असतात? विजेच्या मोठ्या मनोऱ्यात एवढे त्रिकोण कशाला? मी हा प्रयोग केला तेव्हा आमच्या वर्गातल्या एका सुताराच्या मुलाने सांगितलं, की बाबा दाराच्या फळ्यांवर तिरपी पट्टी मारतात ती यासाठीच. त्या दिवशी तो वर्गाचा मास्तर झाला होता.

गुप्तांचं आगकाड्यांच्या प्रतिकृतींचं पुस्तक 'एकलव्य'ने काढलं आणि ते अनेक भारतीय भाषांत गेलं. २००३ पासून दहा-अकरा वर्षं ते पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. हे केंद्र म्हणजे 'मुक्तांगण विज्ञान शोधिका'. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर आयुकाचे संस्थापक संचालक, आणि शोधिकेच्या 'पुलस्त्य' या इमारतीला देणगी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची. पु.लं.नी आपल्याला हसवलं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या पैशातून मुलं खेळणी करत विज्ञान शिकली, हे फार थोड्यांना. गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि हजारो पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत.

आता दुसरी बाजू. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तेव्हा तो पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांत चालू होता आणि लाखभर मुलं त्यातून शिकत होती. तीस वर्षांचं काम एका निर्णयाने थांबलं. ही मुलं पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता. कार्यक्रमाच्या बाजूच्या लोकांना तो मान्य नव्हता. देशभरातले वैज्ञानिक, शिक्षक बंदीविरुद्ध बोलले. उपयोग झाला नाही.

राजकारण्यांना शिव्या देऊन हा परिच्छेद संपवणं सोपं आहे. पण पालकांच्या जागी उभं राहून बघितलं तर वेगळं दिसतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलाकडे तयार प्रश्नोत्तरं आहेत, आपल्या मुलाच्या पुस्तकात उत्तरंच नाहीत. गावात दुसरं कुणी शिकलेलं नाही, ज्याला विचारावं. आठवी झाली की नववीला पुन्हा तेच: व्याख्या लिहा, फरक सांगा, कारणे द्या. तीन वर्षं "का?" विचारायला शिकलेलं मूल नववीत जातं आणि तिथे "का?" विचारलं की "खाली बस" ऐकतं. एखाद्या बापाला वाटलं, की श्रीमंतांची मुलं पाठांतर करून डॉक्टर होतात आणि आमच्या मुलांवर प्रयोग करतात, तर त्याला मी दोष देणार नाही. अर्थात त्याचा इलाज नववी-दहावी बदलणं हा होता. सहावी ते आठवी एवढंच बेट करून ते चहूबाजूंच्या पाण्यात टिकवायचं, ही फार अवघड गोष्ट होती. तरी ते तीस वर्षं टिकलं.

मग उरलं काय? बरंच उरलं. २००५ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा झाला तो प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली. पाठांतरापासून दूर जा, शिकणं शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, हे त्यात ठळक होतं. नव्या पाठ्यपुस्तकांत 'करून पाहा' अशा चौकटी आल्या. २०२० च्या शिक्षण धोरणातही अनुभवातून शिकण्याची भाषा आहे. आणि प्रयोगांचे व्हिडिओ तर आज घरोघरी मोबाइलवर.

तरीही मला सारखं वाटतं, की होशंगाबादचा अर्धाच भाग आपण उचलला. खेळणी घेतली. ती गोड असतात, त्यांचा फोटो छान येतो, त्यांना कुणाचा विरोध नसतो. उघड्या पुस्तकाची परीक्षा, दर महिन्याची बैठक, शिक्षकाच्या म्हणण्याने बदलणारं पुस्तक, हे मात्र २००२ साली गेलं ते गेलंच. 'करून पाहा' ही चौकट आली, पण तिच्याखालीच उत्तर छापलेलं. सेवेच्या शेवटच्या वर्षांत मी पाहिलंय, मुलं प्रयोग न करता चौकटीतलं उत्तर पाठ करत, आणि शिक्षक तरी काय करणार, परीक्षेला तेच येई. विज्ञान प्रदर्शनात बापाने केलेला ज्वालामुखी आणि मुलाने पाठ केलेलं भाषण, हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

माझी एक भाची परदेशात असते. तिने गेल्या दिवाळीत विचारलं, "मावशी, मुलासाठी सायन्स किट घ्यायचंय, कुठलं घेऊ?" तिने दाखवलेल्या खोक्यात चकचकीत पुस्तिका होती, पायरी एक ते सात, आणि शेवटी 'काय होईल' तेही लिहिलेलं. मी तिला म्हटलं, "किट घे ग, काही बिघडत नाही. पण ते शेवटचं पान आधी फाडून तुझ्याकडे ठेव."

घरच्या सगळ्यांना, आणि हे वाचणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, एक अगदी बिनखर्चाचा उद्योग सुचवते. एक दोरा घ्या, त्याला नट किंवा छोटा दगड बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. टांगल्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर लांबी ठेवा. थोडासा बाजूला घेऊन सोडा आणि दहा पूर्ण हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. एका बाजूने सोडला, पलीकडे जाऊन परत आला, की एक. साधारण वीस सेकंद येतील. मग मुलाला विचारा: दगड दुप्पट जड केला तर? दोरा निम्मा केला तर? दहा सेकंदांत दहा हेलकावे हवे असतील तर दोरा केवढा लागेल?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक मुलं (आणि त्यांचे बाबा) म्हणतात, जड दगड लवकर हलेल. दुसऱ्याला म्हणतात, वेळही निम्मा होईल. दोन्हीची उत्तरं मला ठाऊक आहेत आणि तुमच्यापैकी अनेकांनाही असतील. ती इथे लिहीत नाही. तुम्हीही मुलाला सांगू नका. त्याला दोरा कापू द्या, चुकू द्या, हेलकावे मोजताना गोंधळू द्या, आणि निघालेले आकडे त्याच्या हाताने वहीत लिहू द्या. दोन-तीनदा मोजलं की आकडे थोडे वेगळे येतील. तेव्हा "बरोबर कुठला?" असं विचारू नका. वेगळे का आले, ते विचारा.

असो. आज बरंच लांबलं. पुढच्या वेळी इटारसीनंतर नर्मदेचा पूल येईल तेव्हा पुलाआधीचं ते स्टेशनही बघा. आणि त्या दोऱ्याचं काय झालं ते मला जरूर कळवा. आकड्यांसकट.